कधीपासून, ते आधी लिहून काढ

पुणे, रविवार

प्रिय विनूदादा,


परवा फोनवर घाईघाईत बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते. काकू कामवालीवर पैसे चोरल्याचा आळ घेते, आमटी करताना मध्येच अडते, आणि तू म्हणतोस, "पंचाहत्तरी उलटली, व्हायचंच." शेजारणीचं नाव चटकन न आठवणं आणि तासाभराने आठवणं, हे वयाचं. पण जन्मभर हाताला सवय असलेल्या आमटीत फोडणीनंतर काय घालायचं हेच न सुचणं, हे वयाच्या खात्यावर टाकू नकोस.

डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, "हे कधीपासून? आणि कसं वाढत गेलं?" निम्मं निदान तिथेच होतं. दोन-चार दिवसांत माणूस गोंधळला, सकाळी बरा आणि रात्री भलतंसलतं बोलू लागला, तर तो बहुधा डिलिरियम असतो. लघवीचा जंतुसंसर्ग, उतरलेलं सोडियम, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, यांपैकी काहीही पुरतं. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. महिनोन्‌महिने हळूहळू घसरण झाली असेल, तर अल्झायमरची शंका येते. पायरी-पायरीने खालावलं, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे बघतात. नसलेली माणसं दिसू लागली आणि चालही मंदावली, तर ल्यूई बॉडी डिमेन्शिया असू शकतो. अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं औषध फार महागात पडू शकतं. म्हणून "रात्री झोपत नाही, काहीतरी द्या" एवढंच म्हणू नये, भासांबद्दलही सांगावं.

बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या आधी करून घे. काकू पक्की शाकाहारी, तेव्हा बी-१२ कमी निघालं तर नवल नाही. नैराश्य, कमी झालेलं ऐकू येणं, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, यांनीही विस्मरणाचं चित्र उभं राहतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ने. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यासुद्धा म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढवतात.

आळाचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्ट डेटर दाखल झाल्या. त्यांच्या आजाराचं सुरुवातीचं लक्षण विसराळूपणा नव्हतं, तर नवऱ्यावरचा संशय होतं. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी त्यांच्याशी झालेली प्रश्नोत्तरं टिपून ठेवली. १९०६ मध्ये त्या गेल्यावर त्यांचा मेंदू तपासला, आणि पुढे आजाराला डॉक्टरांचंच नाव मिळालं. काकूच्या जिभेवरचा आळ हा तिचा स्वभाव नसून आजार असू शकतो. "कुणी चोरले नाहीत" हे पटवत बसण्यापेक्षा "चल, दोघं मिळून शोधू" म्हण. पैसे सापडले की विषय बदल, उलटतपासणी नको.

आपल्या देशात ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे दर शंभरातल्या सात-आठ जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ बरं वाटतं, पण मुळातला आजार त्यांनी थांबत नाही. त्यामुळे घरातली मांडणी बदलणं जास्त उपयोगी. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, जेवणखाण-आंघोळीच्या वेळा ठरलेल्या राहू द्या, पदराला किंवा पर्सला नाव आणि फोन नंबर लावा. 'अस्तु' सिनेमात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान हत्तीच्या मागे निघून जातात. घराबाहेर पडायला इतकं साधं निमित्त पुरतं. बँकेतली कामं आणि मृत्युपत्र, तिला सगळं कळतंय तोवर उरकून घ्या. पुढे तिची सही टिकेल का, हाच वाद होतो.

आणि वहिनीचं काय? दिवसभर तीच काकूजवळ असते आणि रात्री तीच उठते. येत्या २० तारखेला मी आठवडाभर राहायला येते. तेवढे दिवस तिला माहेरी जाऊ दे. तोवर वहीत तारखांसकट लिहून ठेव, काय, कधी आणि कितीदा झालं ते. ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे मीच तुझ्याबरोबर येईन.

तुझी,
सुमा