टक्के वाया जातात का?

यंदा दहावीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. चौथीत माझ्या वर्गात होता. "बाई, ९१ टक्के!" मी त्याची पाठ थोपटली. मग तो म्हणाला, "मी आर्ट्सला जाणार. मला इतिहास शिकायचाय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, एवढे टक्के आणि आर्ट्स?" पोराचा चेहरा एकदम उतरला.

तो गेला, पण मला चैन पडेना. हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. २००७ साली बारावीनंतर मी डी.एड.ला अर्ज केला, तेव्हा तिथल्या प्रवेशासाठी झुंबड उडायची. यादीत माझं नाव लागलं आणि आत्यानं गल्लीभर साखर वाटली. पुढे शिक्षकभरती थांबली, डी.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या. तेव्हा माझ्या धाकट्या चुलतबहिणीनं डी.एड. करायचं म्हटलं, तर तीच आत्या म्हणाली, "एवढे टक्के मातीत घालतेस?"

सांगा पाहू, मधल्या वर्षांत काय बदललं होतं? मुलांना अ, आ, इ शिकवणं तेच होतं. बदलली होती ती गर्दी!

कट-ऑफ म्हणजे तरी काय? समजा, जागा ६० आणि अर्ज ६००. गुणांनुसार रांग लावली, की शेवटची जागा ज्याला मिळते त्याचे टक्के म्हणजे कट-ऑफ. त्यावरून रांग किती लांब आहे ते कळतं. विषय किती मोलाचा, तो तुम्हाला आवडेल का, हे कळत नाही. टक्के म्हणजे काही जत्रेत खर्चायचे पैसे नव्हेत, की सगळ्यांत महागाचं खेळणं घेतलंच पाहिजे!

मात्र आवड म्हणजे लहर नव्हे हं. डॉक्टर व्हायचं तर सायन्सच घ्यावं लागतं, हे आधीच पाहावं. ज्या शाखेला जायचं, तिची पुस्तकं आणून दोन-चार धडे वाचून बघावेत.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. "माझं चुकलं रे," म्हटलं आणि अकरावीचं इतिहासाचं पुस्तक त्याच्या हाती दिलं. त्यानं ते उभ्याउभ्याच उघडलं. आईनं विचारलं, "पण बाई, पुढे काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. पुरातत्त्व, वकिली, ग्रंथालय, स्पर्धा परीक्षा... यादी वाढत गेली.

शेवटी तो हळूच म्हणाला, "बाई, शिक्षक पण लिहा ना!"