गोणपाट आणि दगड

'पोरं पडल्याशिवाय वाढत नाहीत' हे माझं ठरलेलं वाक्य. लहानपणी मी चिंचेवरून पडलो, हात गळ्यात बांधून महिनाभर हिंडलो, आणि त्याचा मला अभिमानच होता. कुणाच्या पोराला टाके पडले की माझा पहिला प्रश्न, "आई कुठं होती?"

13 मार्च 2023ला आमच्या कर्जत तालुक्यात, कोपर्डीला, मध्य प्रदेशातून आलेल्या ऊसतोड मजुराचं पाच वर्षांचं पोरगं उघड्या बोअरमध्ये पडलं. पंधरा फुटांवर अडकलं. जेसीबी आले, एनडीआरएफ आलं. पोरगं वाचलं नाही. टपरीवर मी तेव्हाही तेच बोललो, "लक्ष नको का ठेवायला?" माना डोलल्या.

संध्याकाळी मळ्यात गेलो. 2018च्या दुष्काळात घेतलेला माझा फेल बोअर बांधाला आहे. पाणी लागलं नाही म्हणून केसिंग उपटून दुसऱ्या बोअरला वापरलं. राहिलं नुसतं भोक. त्यावर गोणपाट, गोणपाटावर दगड. गोणपाट उन्हानं विरलेलं, दगड सरकलेला, आणि भोकाच्या कडेला बारक्या खड्यांची ओळ. नातवाचा उद्योग. खडा सोडायचा नि पालथं पडून कान लावायचा. "आबा, खालून आवाजच येत नाही," असं आठवड्यापूर्वी तो मला सांगत होता. मी मोबाइल बघत हं हं केलं होतं.

लक्ष ठेवणार कोण? ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही उसात, पोर बांधावर. माझा नातू तर माझ्या डोळ्यांदेखत होता. भोक मात्र त्याच्या आईचं नव्हतं, माझं होतं.

सुप्रीम कोर्टानं 2010 सालीच सांगितलंय: चालू बोअरला लोखंडी झाकण वेल्डिंगनं नाहीतर नटबोल्टनं पक्कं करा, भोवती सिमेंटचा ओटा घाला, सोडलेला बोअर तळापासून वरपर्यंत बुजवा. पेपरात वाचून मी 'कोण करतंय' म्हणालो होतो. आता मात्र दुसऱ्याच दिवशी ट्रॉलीभर मुरूम आणला. मधेच अडकायचा, पाणी ओतून खाली सारावा लागला.

घरी आलो तर गच्ची दिसली. कठडा नाही, सळया तशाच वर सोडलेल्या, पुढं कधीतरी मजला चढवायचा म्हणून. दहा वर्षं रोज बघत होतो. गवंड्याला फोन लावला.

नातू दोन दिवस बोलला नाही. मग विचारलं, "आबा, आता खडे कुठं टाकू?"