बुबुळाची मोजपट्टी

काय सांगू तुम्हाला! दुकान नाही, काउंटर नाही, हातात चष्माही नाही, आणि तरी तो माझ्या नाकावर! लेन्सकार्टचं अ‍ॅप उघडून भाचीने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि काळी चौकोनी फ्रेम टपकन येऊन बसली. मी मान वळवली, फ्रेमही वळली. अजून वळवली, तर पलीकडची दांडी गालाआड लपली! खाली बघितलं, तरी घसरली नाही. तेवढ्यात आमच्या नानींनी फोन ओढून घेतला, स्वतःला न्याहाळलं आणि ओरडल्या, “हाऊ चष्मा ते मना नाकवरच बसेल शे!” मग गोल, सोनेरी, मांजरीच्या डोळ्यासारखी टोकदार, एकेक फ्रेम लावून बघताना चहा निवून गेला.

हे होतं कसं, ते शोधत बसले आणि आणखीच थक्क झाले. अ‍ॅप कॅमेऱ्यातल्या चेहऱ्यावर बिंदूंचं जाळं टाकतं; गुगलच्या एका प्रणालीत असे ४६८ बिंदू आहेत. पण नुसत्या चित्रावरून चेहरा केवढा, हे कसं कळणार? फोन जवळ धरला की तोंड मोठं, लांब धरला की लहान. म्हणून काही ठिकाणी कपाळाला एटीएम कार्ड लावायला सांगतात, कारण कार्डाचं माप जगभर एकच. आणि २०२० मध्ये गुगलने काय दाखवलं, तर कार्डही नको! बुबुळाच्या रंगीत वर्तुळाची रुंदी जवळजवळ सगळ्याच माणसांत सुमारे ११.७ मिलिमीटर असते, साधारण अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. नानींचं आणि माझं बुबुळ जवळजवळ एकाच मापाचं! लहानपणापासून डोळ्यात मोजपट्टी घेऊन हिंडतोय आपण आणि पत्ताच नाही!

मुंबईकरांना ही गंमत वाटेल. त्यांना ट्रायल रूम हाकेच्या अंतरावर. आमच्या पिंपळनेरात फ्रेम मिळतात, पण मोजक्या. जास्त बघायच्या तर साक्रीवरून धुळं गाठा, नाहीतर सटाण्याकडून नाशिक. ऑनलाइन मागवलं तर पार्सल इथवर येतं. परत पाठवताना खरी गोची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या बहिणीसाठी एका साइटवरून कुर्ता मागवला होता. दंडात असा काचला, की तिला हात वर करता येईना. परत न्यायला माणूस येईपर्यंत आखाजी होऊन गेली, बहीण सासरी पोचली. परतीचा प्रत्येक डबा म्हणजे दोन वेळचं भाडं, पुन्हा तपासणी, पुन्हा घडी. तो खर्च शेवटी किमतीतच येऊन बसतो.

मग कपड्यांचंही असंच का नाही? सुरुवात झालीय. दागिन्यांत कॅरेटलेन कंपनीने २०१५ मध्येच कानातली फोनवर घालून दाखवली. २०२३ मध्ये गुगलने अमेरिकेत कपड्यांचा प्रयोग सुरू केला: तोच टॉप अगदी बारीकपासून ४एक्सएल बांध्यापर्यंतच्या खऱ्या मॉडेलांच्या अंगावर, चुण्या कुठे पडतील, कापड कुठे ताणेल, सगळं एआयने रंगवलेलं. मी हरखून बघत राहिले. पण एक आहे, चित्र दंडात काचत नाही. कापड दिसेल कसं, ते कळतं; बसेल कसं, त्यासाठी मापच लागतं. चष्म्याला ते मिळालं, म्हणूनच त्याचं जमून गेलं.

आणि आपल्या मापांचे तक्ते बरेचसे अमेरिका-ब्रिटनकडून उसने आणलेले! एका कंपनीचं ‘एम’ दुसरीच्या ‘एल’एवढं असतं, ते उगाच नाही. त्यावर उपाय म्हणून निफ्ट या फॅशनच्या संस्थेने ‘इंडियासाइज’ हाती घेतलं: थ्रीडी स्कॅनरने १५ ते ६५ वयाच्या २५ हजार भारतीयांची मापं. ठिकाणं ठरली दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि शिलाँग. छान! फक्त एकदा तो स्कॅनर पिंपळनेरच्या आठवडे बाजारात आणून उभा करा म्हणावं. कांद्याची गोणी पाठीवर घेणारे, डोंगराकडच्या पाड्यांवरून चालत येणाऱ्या बाया, आमच्या नानी, सगळ्या मापांची माणसं दुपारच्या आत मिळतील.