साडेअकराचं ऊन

पौषात दिल्लीकडे ऊन मोजूनमापून मिळतं. सकाळभर धुकं, चारनंतर पुन्हा गारठा. मधले तीन-चार तास काय ते आपले. तेवढ्या वेळात अख्खी दिल्ली गच्च्यांवर, पार्कात, सोसायटीच्या बाकांवर येऊन बसते. कुणी मटार सोलतं, कुणी विणतं, कुणी नुसतंच संत्री खात बसतं. गुरुग्रामच्या ज्या वृद्धनिवासात माझी आत्या राहते तिथेही गच्ची आहे, खुर्च्या आहेत आणि ऊनही आहे. फक्त भिंतीवरच्या वेळापत्रकात तिच्या नावापुढे साडेअकरा ते साडेबारा 'फिजिओथेरपी' लिहिलेलं होतं, आणि ती खोली तळमजल्यावर, उत्तरेच्या अंगाला.

आत्या लग्न होऊन आली ती करोलबागेत. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत मुलगा शिकला, बृहन्महाराष्ट्र भवनातला एकही कार्यक्रम तिने चुकवला नाही. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली. वाचा शाबूत राहिली, जरा जास्तच. रोहतकची तरुण फिजिओथेरपिस्ट म्हणायची, "आंटीजी, बस पाँच और." आत्या म्हणायची, "बेटा, धूप चली जाएगी." पोरगी हसून म्हणाली, "धूप तो कल भी आएगी." त्यावर आत्या माझ्याकडे वळली. "अरे, सांग तिला. ऐंशीच्या पुढच्या माणसाला उद्याचा वायदा काय करतेस म्हणावं!"

यावरून थेरपी नको असा अर्थ कुणी काढू नये. लुळा हात हलता ठेवला नाही तर खांदा आखडतो, मग ब्लाउजची बाही चढवतानाही जीव कळवळतो. माणूस अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. आणि आपल्या पायांनी संडासापर्यंत जाता येणं, याहून मोठं स्वातंत्र्य त्या वयात दुसरं नसतं. म्हाताऱ्यांचं मन राखायचं म्हणून व्यायाम बुडू देणारी प्रेमळ संस्था मला तरी नको.

पण दिवसातली चांगली वेळ कुणाला द्यायची, हे ठरतं कसं ते पाहिलं पाहिजे. आतेभाऊ सिएटलला असतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचा पहिला प्रश्न असतो, "या आठवड्यात किती सेशन्स झाली?" त्याला दोष देण्यात अर्थ नाही, इतक्या लांबून माणूस दुसरं काय विचारणार? सेशन मोजता येतं, फाइलमध्ये लिहिता येतं, बिलात दाखवता येतं. सीप या पत्त्यांच्या डावात आईने शेजारच्या पंजाबी बाईंची कशी जिरवली, याची पावती कोण फाडणार? मग जे मोजता येतं त्याला भर दुपार मिळते, आणि दिवेलागणीला, सगळे थकून पेंगायला लागले की टीव्हीसमोर तंबोल्याची 'ॲक्टिव्हिटी' होते.

गंमत अशी की इकडे उपचार आणि तिकडे विरंगुळा अशी वाटणी थेरपीतल्याच एका शाखेला मुळापासून नामंजूर आहे, आणि भारतातला तिचा इतिहास आपल्या अगदी ओळखीचा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. या शास्त्राचं म्हणणं साधं आहे: माणसाला त्याच्या लेखी अर्थ असलेलं काम द्या, ते करता करता हात सुधारतो. विणणं, रांधणं, बाग, खेळ, सगळं त्यात आलं.

आत्याकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली तेव्हा तिने आधी विचारलं, या हाताने तुम्हाला काय करायचंय? "पत्ते धरायचेत." बदामसात चौघांत खेळायचं तर प्रत्येकाच्या हाती तेरा पत्ते, आणि डाव्या हाताने त्यांचा पंखा धरायचा म्हणजे अंगठ्याची कसोटीच. त्या बाईंनी कपड्यांचा एक ब्रश आणला, टेबलावर उलटा ठेवला आणि त्याच्या केसांत पत्ते खोचून दिले. खेळ त्याच दिवशी सुरू झाला. मग रोज एखाद-दुसरा पत्ता ब्रशातून हातात. आता पाचेक पत्ते हातात टिकतात, बाकीचे ब्रशात. पत्ते लपवायची सोय झाली म्हणून आत्याला तो ब्रश सोडवतही नाही.

हे यश पाहून संस्थेला उत्साह आला. दुसऱ्याच आठवड्यात वेळापत्रकावर 'मटार ॲक्टिव्हिटी' अशी ओळ आली. प्रत्येकीसमोर वाडगा, मोजून शेंगा, आणि किती सोलल्या त्याची नोंद. आत्या आदल्या दिवसापर्यंत आपणहून मटार सोलत होती, निम्मे तोंडात टाकत होती. तिने त्या दिवसापासून शेंगेला हात लावला नाही. मला तिचं पटलं. प्रत्येक खेळाच्या पोटात व्यायाम लपवायचा, प्रत्येक गप्पेतून स्मरणशक्ती वाढवायची, हाही एक जुलूमच. म्हाताऱ्या माणसालाही वेळ वाया घालवायचा हक्क असतो.

मुद्दा ठरवणार कोण, हा आहे. अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि सांभाळा, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावर रोप होतं, सिनेमाही होता. पण पाणी घालणार कर्मचारी आणि दिवस ठरवणार संस्था. १८ महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातले ४७ पैकी ७ जण गेले होते, दुसऱ्या गटातले ४४ पैकी १३. आकडे लहान आहेत, त्यांवर फार मोठा इमला बांधू नये. तरी रोपाला पाणी कुणी घालायचं, हा प्रश्न मला कुठल्याही सेशनइतकाच गंभीर वाटतो.

दिल्लीत आयटीओजवळ अपंगांच्या पुनर्वसनाची मोठी केंद्रीय संस्था आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी तिथे शिकवली जाते. संस्थेला नाव पंडित दीनदयाळ उपाध्यायांचं, पत्ता विष्णू दिगंबर मार्ग. जवळच १९३९ पासूनची परंपरा असलेलं गांधर्व महाविद्यालय आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांच्या घराण्याचं गाणं तिथे, आणि पत्ता दीनदयाळ उपाध्याय मार्ग! नावांची ही अदलाबदल कुणी मुद्दाम केली नसणार, पण मला ती आवडते. उपचार आणि गाणं खरंच इतकी शेजारची आहेत. आत्याच्या शेजारच्या खोलीतल्या निवृत्त बँक मॅनेजरांना पक्षाघातानंतर पाणी मागायलाही शब्द सापडत नाही. अंताक्षरीत मात्र मुखडा आख्खा म्हणतात. मेंदूची ही किमया डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७३ मध्ये बॉस्टनच्या मंडळींनी सुरांच्या आधाराने बोलणं परत आणायची पद्धतच बसवली. मग त्यांची अंताक्षरी कोणत्या रकान्यात लिहायची?

साडेअकराचं पुढे काय झालं, तर फार काही करावं लागलं नाही. रोहतकची ती पोरगी दिवसाला तीन ठिकाणं करते, तिच्या सोयीने ती वेळ पडली होती. आम्ही विचारलं, तिने दोन नावांची अदलाबदल केली, आत्याचा व्यायाम साडेनवाला गेला. मे महिन्यात पुन्हा बदलावं लागेल, कारण तेव्हा गच्ची फक्त पहाटेच बरी. आणि दिवाळीनंतर धुरकट हवेत डॉक्टर गच्चीच बंद करतात.

तुमच्यापैकी कुणी आईवडिलांसाठी अशी जागा पाहायला जाल, तर उपकरणांची खोली जरूर बघा. मग वेळापत्रकासमोर उभं राहून विचारा: हे कुणी ठरवलं, बदलता येतं का, आणि एखाद्या दिवशी माणूस "आज नको" म्हणालं तर काय करता? आणि रविवारच्या फोनवर सेशन्स मोजून झाली की डाव कुणी जिंकला, तेही विचारत चला.