उन्हाला धरलेली चकती

कोऱ्या सीडीच्या पोटाकडून येणारा तो उजेड मला अजून आठवतो. निळा म्हणावा तर निळा नाही, हिरवा म्हणावा तर हिरवा नाही. चकती जरा कलती केली की कडेकडेने तांबूस होत जाणारा आणि सरळ केली की पुन्हा आपल्या खोल रंगात जाऊन बसणारा. नातेपुत्याचं दुपारचं ऊन पांढरंफेक असतं. शंभूमहादेवाच्या डोंगराकडून वारा सुटला की त्या पांढरेपणात धूळही मिसळते आणि रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या, पंढरपूरकडे निघालेल्या एसट्या, सगळं पातळ कापडाआडून पाहावं तसं दिसू लागतं. त्या उन्हात, दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन बापू चिमटीत चकती धरायचे, हात उंच करायचे आणि एक डोळा मिटायचे. बराच वेळ काही बोलायचे नाहीत. चकतीचा तो रंग उतरून त्यांच्या गालावर पडलेला असायचा.

सगळं गाव त्यांना बापूच म्हणे. दुकान पुणे-पंढरपूर रस्त्याला लागून, अरुंद, आत आत जाणारं. पुढच्या काउंटरवर मिक्सरची भांडी, रिमोट, सेल, टेपचे हेड, आणि मागे एका पिवळ्या दिव्याखाली सोल्डरिंगच्या धुराचा राळेसारखा वास. आषाढात माउलींची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्यात करते. त्या रात्री बापू दुकान मिटायचे नाहीत. कुणा वारकऱ्याची बॅटरी लागेना झालेली असे, कुणाच्या टेपमध्ये हरिपाठाची कॅसेट गुंतलेली असे, आणि बापू काडीने ती पट्टी हळूहळू सोडवत बसत. मृदंग बाहेर चालू असायचा. त्या पट्टीकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता असे, तीच मला पुढे चकती पाहताना दिसली.

मी गेलो होतो आत्याच्या ओव्यांसाठी. जात्यावर बसून ती गायची ते काकांनी कधीतरी साठ मिनिटांच्या कॅसेटवर धरून ठेवलं होतं. आत्या गेली, जातं परसात पालथं पडलं, आणि कॅसेट मात्र दर दिवाळीला लावली जायची. दरवर्षी तिचा आवाज थोडा थोडा मागे सरकत होता. भिंतीपलीकडच्या खोलीत गेल्यासारखा. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते, आणि कुणीतरी सांगितलं की सीडीवर घेतलं की आवाज कायमचा राहतो.

कायमचा! हा शब्द ऐकून बापू हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "लग्नाची हाय, का गान्याची हाय, का म्हाताऱ्या मानसाचा आवाज हाय?" मी तिसरं सांगितलं. त्यांनी काउंटरवरच्या दहा-दहा रुपयांच्या सुट्या चकत्या हळूच बाजूला सारल्या, आतून एक डबा आणला आणि त्यातली एक घेऊन ते उंबऱ्यावर गेले.

ते काय पाहत होते, हे त्यांनी मला डोळ्याशी चकती देऊन दाखवलं. हलक्या मालात चंदेरी थर इतका पातळ असतो की उन्हाला धरली तर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात, आभाळात तारे निघावेत इतके. "जितं भोक, तितं आवाज न्हाई," ते म्हणाले. चांगल्या चकतीत ऊन अडतं, सारखं पसरतं, कुठेही टोचत नाही. मग त्यांनी रंग दाखवला. गडद निळी एक, हिरवट एक, आणि एक फिकी, जुन्या सोन्याच्या पाण्याची. हा रंग त्या थराखालच्या रसायनाचा. लिहिताना लेझर त्याच रसायनाला ठिकठिकाणी भाजत जातो, आतून बाहेर, गोल गोल फिरत जाणाऱ्या एका रेघेत, जी उलगडली तर पाच किलोमीटरांच्या वर भरेल. माझी आत्या त्या रेघेवर चालत जाणार होती. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

बापूंनी मला फिकी चकती दिली, आणि एक निळी, दुसऱ्या कंपनीची. दोन्हींवर तेच घ्या आणि दोन घरांत ठेवा, म्हणाले. एकीला काय झालं तर दुसरी असते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी मागितली तेव्हा त्यांनी मान हलवली. ती जुन्या डेकला वाचता येत नाही, तिच्यावरून उजेड फार मंद परततो. मग एकेक सूचना येत गेली, मध्ये गिऱ्हाईक आलं की थांबून, ते गेलं की पुन्हा तिथूनच. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पळवून परत आणा, म्हणजे चिकटलेली पट्टी मोकळी होईल. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतील, तिथे बसून राहा, ऐका. सीडी लिहिताना स्पीड कमी ठेवा. रातच्याला करा, लाईट जायची नसेल तेव्हा. मधेच गेली तर चकती गेली. आणि वरच्या अंगाला बॉलपेनने लिहू नका.

हे शेवटचं मला खरं वाटेना. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरची बिनधास्त टेकवतो. पण सीडीत जाडी सगळी खालच्या बाजूला. आवाज बसलेला असतो वर, नाव लिहायच्या पृष्ठभागाखाली, लाखेच्या एका हलक्या थराएवढ्या अंतरावर. टोकदार पेन तिथे चालवलं तर थेट आत्याच्या गळ्यावरच चालतं. बापूंनी मऊ टोकाचा मार्कर दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढे पुण्यात एका मोठ्या, गार हवेच्या दुकानात मी अशीच चकती मागितली. तिथल्या मुलाने पन्नासांचा डबा पुढे ठेवला आणि सगळ्या सारख्याच असतात असं सांगितलं. त्याचा दोष नाही. त्याला कुणी उन्हात उभं केलं नव्हतं. तरी मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की दुकानदाराचा सल्ला खरा कधी असतो, तर ती वस्तू त्याच्याच गावात पुढची वीस वर्षं वाजणार असते तेव्हा. बापूंना पुढच्या दिवाळीत आमच्या दारावरून जायचं होतं.

ती रात्र मी विसरत नाही. कालव्याच्या पाळीची रात्र होती, मोटारींना लाईट होती म्हणून आम्हालाही होती. टेपरेकॉर्डरच्या भोकातून कॉम्प्युटरला वायर जोडलेली; पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उठत होती, बसत होती. जात्याची घरघर, मध्येच वासराच्या गळ्यातली घंटा, आणि शेवटी आत्या काकांना म्हणते, "आरं, बंद कर की आता." दरवर्षी ऐकूनही हे वाक्य आम्हाला कधी ऐकू आलं नव्हतं. डोळे भरून आले. पहाटे चकती बाहेर आली तेव्हा ती कोमट होती.

असे किती आवाज महाराष्ट्रात जात्यांबरोबर पालथे पडले असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी गावोगाव हिंडून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी बायकांचा आवाज ध्वनिमुद्रित केला, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. त्या ऐकताना मी नकळत आमचं जातं शोधतो. ते तिथे नाही. ते एका फिक्या चकतीवर आहे.

आणि चकती म्हणजे तरी किती दिवसांची! बोलक्या सीडीचा जन्म १९८२ चा, फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडवलेला. घरी लिहिता येणारी कोरी चकती जपानातून आली १९८८ साली. आपल्या नोएडातल्या मोझर बेअरने तर एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या चकती-कारखान्यांत स्थान मिळवलं होतं; २०१८ मध्ये ती कंपनीही अवसायनात निघाली. नव्या लॅपटॉपला चकतीचा खणच नसतो. नातेपुत्याच्या त्या दुकानात आता मोबाईलच्या काचा बदलून मिळतात, काउंटरवर बापूंचा नातू असतो.

बापूंनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मी सर्वांत उशिरा समजलो. उन्हाला धरायची ती कोरी चकती. भरलेली कधीही नाही. तिचा तो सुंदर रंग उजेडानेच विटतो, उष्म्याने विटतो, आणि रंग विटला की भाजलेल्या खुणा आणि न भाजलेली जागा यांतला फरक पुसट होत जातो. म्हणजे ज्या उजेडात मी तिला पहिल्यांदा पाहिलं, त्याच उजेडापासून तिला आयुष्यभर दूर ठेवायचं. मागच्या वर्षी मी ती निळी काढली तर तिच्यावर वासराच्या घंटेनंतरचं काही वाचता येईना. फिकी अजून सगळी वाजते. मी तिची प्रत हार्ड डिस्कवर घेतली, एक बहिणीकडे पाठवली, एक मुलाकडे.

तुमच्या कपाटातही लग्नाच्या अल्बममागे, कागदी पाकिटात अशी एखादी चकती असेल. तिच्यावर मार्करने नाव आणि साल लिहिलेलं असेल. ती दिवाळीपर्यंत ठेवू नका. ज्याच्याकडे अजून सीडी वाचणारा कॉम्प्युटर आहे असा माणूस गावात शोधा, या रविवारीच त्याच्याकडे जा, आणि ती वाजते आहे तोवर तिची प्रत काढून घ्या.