अनुस्वाराचं टिंब

माझ्या आजोबांना शाळेने मराठी शिकवलीच नाही. १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चालायचं. मराठी त्यांच्या वडिलांनी घरीच, ओसरीवर बसवून शिकवली. ती अक्षरात इतकी मुरली की ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘मीं’ अशी जुन्या वळणाची टिंबं त्यांच्या पत्रांत शेवटपर्यंत राहिली.

देवगाव फाट्यावरच्या आमच्या घरात त्यांनीच मला लिहितं केलं. तोवर शाळेची पुस्तकं बदलली होती. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. गुरुजी माझ्या वहीतली टिंबं खोडायचे, घरी आजोबा ती परत द्यायचे. या ओढाताणीत मला ‘का?’ विचारायची सवय लागली. ‘घरांत’मधल्या टिंबात संस्कृत ‘अंतर्’ दडलंय, हे फार पुढे, व्याकरणाची जाड पुस्तकं चाळताना कळलं.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन तास सुरू झाले, पण घरात फोन एकच, आणि तो बापाबरोबर शेतात. भावाची मुलं आणि शेजारची चारदोन पोरं माझ्या ओसरीवर बसू लागली. ‘आम्ही जायलो’ म्हणणाऱ्या या पोरांना काळ, लिंग, वचन आईच्या बोलण्यातूनच आलेलं. अडायचं ते लिहिताना.

सामान्यरूपाची व्याख्या मी बाजूला ठेवली. पाटीवर दोन वाक्यं लिहिली: ‘आजीला चहा दिला’ आणि ‘आजींना चहा दिला’. पुतणी लगेच म्हणाली, “दुसरी आजी आपली नाही, पाहुणी आलेली आहे.” आदरार्थी अनेकवचन तिला आधीच येत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. मग लिहिलं, ‘गावात टँकर आला’, ‘गावांत टँकर आले’. मागे बसलेला एक पोरगा म्हणाला, “दुसऱ्यात दुष्काळ मोठा हाय.”

नियम मी त्यानंतर सांगितला: अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायचा. तो कुणाला घोकावा लागला नाही. घरी शिकवण्यात हीच सोय असते. उदाहरणातली आजी चुलीपुढे बसलेली असते, टँकर दाराशी उभा असतो.

पुढे शाळा उघडल्या, पोरं गेली. त्यांच्या वह्यांत चुका अजूनही असतात. पण चूक दाखवली की आता तीच ‘का?’ विचारतात, आणि मला मो. रा. वाळंब्यांचं व्याकरणाचं पुस्तक फळीवरून खाली काढावं लागतं.