अम्मींच्या बुऱ्हाणपुरात

मुलाने मोबाईलवर कैरोचा जुना बाजार दाखवला तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "असला बाजार मी बुऱ्हाणपुरात पाहिलाय, मामूंचा हात धरून." विमानाची तिकिटे काही आपल्या आवाक्यातली नाहीत. बुऱ्हाणपूर मात्र जळगावहून सकाळी निघून रात्री परतण्याजोगे. धुळ्याची नणंदही आदल्या रात्री मुक्कामाला आली.

भुसावळहून रेल्वेने साधारण तास लागतो. स्टेशन लालबागला आहे, जुने शहर तिथून तीन-चार किलोमीटर. रिक्षात बसण्याआधी भाडे माणशी की पूर्ण रिक्षाचे, हे विचारा. आम्ही विचारले नाही आणि उतरताना पाच जणांचे मोजले.

कुंडी भंडारा स्टेशनच्याच बाजूला, म्हणून तो आधी पाहावा. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५च्या सुमारास बांधलेली ही पाण्याची योजना आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उतारावर शहरात येई. मूळ रीत इराणची; मोरोक्कोच्या मराकेशलाही असेच पाणी मिळत असे. लिफ्ट चालू असेल तर सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येते. खाली ओल आणि पायांत पाणी असते, म्हणून अम्मींना वरच बसवले. कुंड्यांच्या तोंडाशी मुलांचा हात सोडू नका.

खरी चूक शाही किल्ल्यात झाली. मे महिना, दुपारचे बारा. १६३१ साली मुमताजमहल याच शहरात बाळंतपणात वारली, म्हणून हम्माम पाहिल्याशिवाय अम्मी हलेनात. पायऱ्यांवर त्यांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. शुगरची गोळी सकाळी घेतली होती आणि गाडीच्या घाईत नाश्ता राहिला होता! नणंदेच्या पर्समध्ये खडीसाखर निघाली. ती चघळून दहा मिनिटांनी त्या बोलू लागल्या, पण ती दहा मिनिटे मी विसरणार नाही. वडीलधारे सोबत असतील तर हिवाळ्यात जा, डबा बरोबर ठेवा, आणि खाल्ल्याशिवाय गोळी देऊ नका.

जेवायला मांडा घ्या. आपल्याकडचा पुरणाचा नव्हे. हा उलट्या कढईवर भाजलेला, रुमालासारखा पातळ, गोश्ताच्या रश्श्याबरोबर खायचा. मावा जिलेबी गरम असतानाच खावी. उन्हाळ्यात ती घरी नेण्याच्या फंदात पडू नका, मावा आंबतो. पाहुण्यांसाठी रवा-तूप-साखरेचा दराबा न्या.

धुळ्यासारखेच हेही यंत्रमागांचे गाव. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी तावेर्निए याने इथली तलम मलमल थेट कैरोपर्यंत जाते असे लिहून ठेवले आहे. मुलाला हे सांगितले तर त्याला खरेच वाटेना. नणंदेच्या सासरी माग आहेत. ती प्रत्येक कापड उजेडात धरून, ताणून बघे आणि ओल्या रुमालाने कोपरा चोळून रंग जातो का ते पाही. दुकानदार कुरकुरला, पण भाव उतरला.

जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, फारुकी सुलतानाच्या काळचा. जुम्याच्या दुपारी गर्दी असते, तेव्हा पाहायला दुसरी वेळ बरी. आत कुठपर्यंत जाता येईल, हे बायकांनी दारातच विचारून घ्यावे.

मामूंचे घर मात्र सापडले नाही. अम्मींना मोहल्ल्याचे नाव आठवत होते, गल्ली आठवेना. गाडीची वेळ झाली होती. डिसेंबरात परत जायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. या वेळी नाश्ता करून.